पाट्याचा वाटा

लालबागला आमच्या दोन खोल्यांत रोज बावीस माणसं जेवत. राहायला आम्ही तिघंच, आई, बाबा आणि मी. ते बावीस जण म्हणजे महाडकडचे गिरणीकामगार, बायकामुलं गावी ठेवून आलेले, आणि दोन वेळच्या जेवणाला आमच्या दारात चपला काढणारे. आईची खाणावळ होती. खाणावळ म्हटल्यावर टेबलं-खुर्च्या डोळ्यांपुढे आणू नका. बाहेरच्या खोलीतली कॉट भिंतीला उभी करायची, सतरंजीच्या पट्ट्या अंथरायच्या आणि आठ-आठ जणांची पंगत बसवायची, की झाली खाणावळ. पहिली पंगत उठेपर्यंत दुसरी जिन्यात विड्या ओढत उभी असे. मी शाळेतून आले की दप्तर माळ्यावर फेकायचे आणि भाताची परात उचलायचे. भूगोलात माझी कायम रडकथा, पण कोण किती भाकऱ्या खातो, कुणाला रस्सा पातळ लागतो, कुणाला बांगड्याचं डोकं हवं आणि कोण ते बघून तोंड फिरवतो, हा सगळा नकाशा मला तोंडपाठ होता.

आमच्या घरी दिवस भोंग्याने उजाडत नसे, पाट्याने उजाडे. भोंगा व्हायच्या आधीच आई वाटायला बसलेली असायची. भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, धणे, मिरच्या. एवढ्या माणसांचं वाटण म्हणजे तासाभराची मेहनत. आधी नुसती खडखड, मग घरघर, आणि वाटण मऊ झालं की एक ओला, सुळसुळणारा आवाज. तो ऐकू आला की अंथरुणातून उठायचं, हे माझं घड्याळ. पण हा पाटा होता बाजारातून आणलेला, भुसभुशीत दगडाचा. टाकी लावणारी बाई महिन्या-दीड महिन्याने चाळीत आरोळी देत यायची, छिन्नीने टकटक करून त्याला नवे दात पाडायची, आणि पुढचे आठ दिवस आमच्या कालवणात कचकच यायची. कुणी रागावत नसे. आमच्या खाणावळीतले सर्वांत जुने मेंबर म्हणजे तात्या, उमेदीत गावचे पट्टीचे शिकारी आणि आता गिरणीत सूत मोजणारे. ते घास चावताना थांबायचे आणि म्हणायचे, "वयनी, आज दाताखाली गाव आला." सगळे हसायचे, आईही हसायची. पण पंगत उठल्यावर ती टोपातला उरलेला रस्सा बोटाने चाटून, जिभेवर खडा लागतो का ते बघत बसायची. तेव्हा तिचा चेहरा मला बघवत नसे.

कारण तिच्या डोक्यात दुसरा पाटा होता. तिच्या माहेरचा. काळ्या दगडाचा, पिढीजात, वर्षानुवर्षं वाटून आरशासारखा झालेला आणि तरी खडा न सोडणारा. आईला बहीण नव्हती, एकच थोरला भाऊ. आजी तिला म्हणायची, "शेवंते, माझ्यामागं हा पाटा तुझा." आजी गेली. दिवस झाल्यावर आईने भीतभीत विचारलं, तेव्हा मामा म्हणाले, "पाटा? तो तर हलवताना पडून फुटला. तुकडे ओढ्यात टाकले." आईने ते खरं मानलं. मुंबईला आल्यावर बाजारातून हा पाटा आणला आणि चार-सहा महिने त्याच्याशी बोलली नाही, असं बाबा सांगायचे.

खाणावळीला वर्षातून एक दिवस सुट्टी असे आणि त्या दिवशी सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं, असा रिवाज होता. एकदा राणीची बाग झाली, एकदा घारापुरी. त्या वर्षी मामांचं पत्र आलं. त्यांच्या गावात एका निवृत्त रेंजरसाहेबांनी भाताच्या जुन्या गोदामात संग्रहालय काढलं होतं, शिकार, जंगल, शेती आणि चूल अशा चार दालनांचं. मामा त्याच्या कमिटीवर होते. मुंबईच्या मंडळींनी जरूर येऊन बघावं, असं त्यांनी दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं. आई माहेर बघायला मिळणार म्हणून खूश. मेंबर मंडळी मात्र पत्र ऐकून एकमेकांकडे बघायला लागली. तात्या म्हणाले, "म्हंजे नांगर बघायला बशीत बसून जायचा? अवो, मी नांगर बघूनच मुंबईला पळालेलो." पण एकाच्या ओळखीने बस मिळाली, आईने पहाटे उठून सत्तर भाकऱ्या आणि वालाची उसळ बांधून घेतली, आणि उसळीच्या वासाला भुलून सगळे निघाले.

गोदाम कौलारू होतं, पुढे सारवलेलं अंगण आणि त्यात एक जांभळाचं झाड. रेंजरसाहेब दारातच उभे होते, खाकी अर्धी विजार, हातात छडी, मिशा इतक्या व्यवस्थित की त्याही खात्याने दिलेल्या असाव्यात. मामा पांढरी टोपी घालून त्यांच्या शेजारी. साहेबांनी सगळ्यांना रांग करायला लावली. गिरणीत रांग, रेशनला रांग, आणि आता नांगराला रांग, असं कुणीतरी पुटपुटलं.

शिकारीच्या दालनात ठासणीची बंदूक होती, जनावर अडवायचं जाळं होतं, हाकारे घालताना बडवायचे पत्र्याचे डबे होते, आणि मधोमध पेंढा भरलेलं रानडुक्कर. त्याचा एक डोळा काचेचा होता, दुसऱ्याच्या जागी शर्टाचं बटण. तात्या त्याच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "याला मी गोळी नसती घातली. दया येऊन सोडला असता." रेंजरसाहेबांना आधी राग आला. पण तात्या खरे शिकारी आहेत हे कळल्यावर दोघांचं असं काही जमलं की आम्ही बाकीचे वाऱ्यावरच राहिलो. भिंतीवर साहेबांनी स्वतःच्या अक्षरात एक फलक लिहिला होता: 'शिकार वाटताना जो हजर असेल त्यास वाटा मिळतो, मग तो वाटेने जाणारा परका का असेना.' तात्यांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला आणि मग रीत समजावून सांगितली. मटणाचे सारखे ढीग पानांवर लावायचे. एका पोराला पाठ करून उभं करायचं. मागे एकेका ढिगावर काठी टेकवून विचारायचं, हा कुणाचा? पोर नाव सांगेल तो त्याचा. मग त्यात हाड जास्त निघो की चरबी, तक्रार नाही. "कोर्टापरीस बरा," तात्या म्हणाले. साहेबांनी मान डोलावली.

जंगलाच्या दालनात झाडांवर शिक्का मारायचा हातोडा आणि बाटल्यांतून शंभरेक बिया होत्या. तिथे साहेब फार वेळ बोलले आणि दोन मेंबर उभ्या उभ्या झोपले. शेतीच्या दालनात मी इरलं डोक्यावर घेऊन बघितलं, पावसात लावणी करताना घेतात ते पानांचं आणि बांबूच्या काड्यांचं, आणि बाबांनी नांगराच्या मुठीवर हात ठेवून उगाचच 'हर्र' केलं. मग शेवटचं दालन, चुलीचं. आई इतका वेळ मागे मागे होती, ती आता पुढे झाली. या दालनात तिला काही समजावून सांगायची कुणाची छाती नव्हती. चूल बघून म्हणाली, "हिच्यात राख नाय. ही कधी पेटलीच नाय वाटतं." आम्ही हसत होतो, आणि ती एकदम कोपऱ्याकडे वळली.

कोपऱ्यात चौथऱ्यावर एक काळा पाटा होता. त्याच्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला. आई खाली बसली आणि तिने त्या टवक्यावरून अंगठा फिरवला. नऊ वर्षांची असताना तिने त्यावर नारळ फोडला होता आणि त्यापायी मार खाल्ला होता, ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. तिने वरवंटा दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला. मला म्हणाली, "कुसू, तुझ्या बारशाला हाच आधी पाळण्यात निजवला होता. मग तुला." पहिलटकरणीचं बाळंतपण माहेरी, तेव्हा बारसंही तिथलंच, आणि बारशाला पाळण्यातून आधी वरवंटा फिरवायचा म्हणजे पोर दगडासारखं टणक होतं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नसे.

"बाई, वस्तूंना हात लावू नये," रेंजरसाहेब म्हणाले.

"साहेब, हा माझा पाटा हाय," आई म्हणाली.

खालची पाटी मी वाचली. 'पाटा व वरवंटा. देणगी:' आणि पुढे मामांचं पूर्ण नाव, गावासकट. आईने मामांकडे बघितलं. तिचा आवाज चढला नाही. "दादा, पाटा फुटला म्हणालास ना?"

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "अगं, एवढी धोंड कोण मुंबईला नेणार होतं? इथं चार माणसं बघतात. घराण्याचं नाव होतं."

"आईनं मला दिला होता."

"तोंडच्या बोलण्याला काय अर्थ असतो? आणि माहेरात लेकीचा कुठं वाटा असतो, शेवंते?"

मामा वाईट होते असं मला आज म्हणता येत नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि त्या दालनात उभ्या असलेल्या बावीस माणसांपैकी निम्म्यांनी आपापल्या बहिणींना हेच सांगितलं असणार. पण ती बावीस माणसं आईच्या हातचं खात होती. एकही जण हलला नाही. साहेब कडक आवाजात म्हणाले, "तुम्ही दहा वस्तू दिल्यात तेव्हा मी विचारलं होतं, घरात आणखी कुणाचा हक्क आहे का. तुम्ही नाही म्हणालात."

तेव्हा तात्या पुढे आले. त्यांनी मामांना काही सुनावलं नाही. साहेबांना एवढंच म्हणाले, "साहेब, तुमच्या भिंतीवर लिवलंय ते खरं का नुसतं बघायला? घरातलं सामान वाटलं जातंय आणि ही इथं हजर हाय. वाटेनं जाणारा परकासुदिक नाय, घरचीच हाय." साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. स्वतःच्या अक्षरातला नियम त्यांना मोडता येईना, आणि मला वाटतं मोडायचाही नव्हता. "वाटे करा," ते म्हणाले. मामांनी बघितलं की नाही म्हणून भागत नाही. पण तेही त्याच आजीचे लेक. म्हणाले, "मग हवा तो जिन्नस उचलायचा नाय. दहाच्या दहा वस्तूंचे दोन वाटे लावा, आणि पाठमोऱ्या पोरानं सांगू दे."

अंगणात दोन गोणपाटं अंथरली. एकावर पाटा-वरवंटा, तो एकटाच नऊ वस्तूंना भारी. दुसऱ्यावर बाकी नऊ: तांब्याचं तपेलं, कोयता, इरलं, रोवळी, काथवट, शिंकं, अडकित्ता, पायली आणि एक कंदील. सर्वांत लहान मी, म्हणून मला जांभळाकडे तोंड करून उभं केलं. मामा म्हणाले, "माझीपण भाचीच आहे, माझी काही हरकत नाय." जांभळाच्या बुंध्यावरून मुंगळे चढत होते. मला एवढंच कळत होतं की आता आईला पाटा मिळणार की नाही ते मी सांगायचं आहे.

तात्यांनी काठी टेकवली नाही. त्यांनी वाकून वरवंटा पाट्यावरून सावकाश ओढला. घर्र असा आवाज आला. तात्या बिलंदर माणूस, ही लबाडी शिकारीतही करत असणार. मग त्यांनी विचारलं, "हा कुणाचा?"

मी आवाज ओळखला. न ओळखायला मी कुठल्या घरची होते? आणि माझ्या तोंडून निघालं, "मामांचा."

याचा मी आयुष्यभर विचार केला आहे. आमच्याकडे नाव घ्यायची एक रीत होती. प्रसाद वाटताना, पंगत वाढताना, चहाचे कप पुढे करताना आधी वयाने मोठा पुरुष, मग त्याच्याखालचा, मग मुलगे. बायका शेवटी, आणि आई तर कुठेच नाही. ती शेगडीजवळ उकिडवी बसून टोपातलं खरवडून खायची. सात वर्षांची होते तेव्हापासून मी वाढत होते. पहिलं ताट कुणाचं, असं मला झोपेत विचारलं असतं तरी मी बरोबर नाव सांगितलं असतं. त्या अंगणात मला कुणीतरी पहिल्या वाट्याचं नाव विचारलं आणि जिभेने आपलं रोजचं काम केलं. डोक्यात आई होती, पाटा होता, सगळं होतं. जीभ त्याच्या आधी पोचली.

तात्या म्हणाले, "पोरी, नीट ऐकलंस का? परत सांग." मामा लगेच म्हणाले, "एकदा सांगितलं ते सांगितलं." मी वळले तेव्हा सगळे आईकडे बघत होते. ती म्हणाली, "बरोबर हाय. बोललं ते बोललं." आणि ती दुसऱ्या गोणपाटाची टोकं गोळा करायला लागली. मामांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "गुणी आहे पोर," ते म्हणाले. आजवर मला कुणी बऱ्यावाईट शिव्या दिल्या असतील, पण त्या दोन शब्दांइतकं काही लागलेलं नाही.

साहेबांनी आईला सुचवून बघितलं की इरलं, कंदील तरी इथे राहू द्या, दालन ओकंबोकं दिसेल. आई म्हणाली, "वाटा सोडून जायचा नसतो, साहेब." मग ती नऊच्या नऊ वस्तूंची वरात बसकडे निघाली. इरलं बसच्या दारातून आत जाईना. आडवं केलं, तिरकं केलं, शेवटी बाबांनी ते डोक्यावर चढवलं आणि वाकून उलटे आत शिरले. बसमध्ये हशा पिकला. कंदील ड्रायव्हरच्या मागे टांगला, पायलीत कुणीतरी शेंगदाणे ओतले. ती पायली आणि ते तपेलं पुढे आमच्याकडे कितीतरी वर्षं वापरात होतं. इरलं मात्र माळ्याखाली टांगून होतं आणि येणारा प्रत्येक माणूस त्यावर डोकं आपटायचा. कालवणातली कचकच मिक्सर येईपर्यंत चालूच राहिली.

गेल्या वर्षी मी नातीला घेऊन तिथे गेले होते. आता बाहेर पार्किंग आहे, रानडुकराला दोन्ही डोळे काचेचे बसवले आहेत, आणि बाहेरच्या टपरीवर नाचणीचा पिझ्झा मिळतो. तो बरा होता, खोटं कशाला बोलू. पाटा काचेच्या पेटीत आहे. पाटी नवी, छापील, पण नाव मामांचंच. नात म्हणाली, "आजी, त्याच्यासोबत फोटो काढू का तुझा?" मी नको म्हटलं. का नको, ते तिला सांगायला बसले असते तर परतीची गाडी चुकली असती. म्हणून इथे लिहिते आहे.

त्या सहलीच्या परतीच्या वाटेवर मी आईशेजारी खिडकीत बसले होते. मागच्या बाकांवर मंडळी बाबांना इरल्यावरून छळत होती, मग कुणीतरी गाणं धरलं आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी रडत होते, आणि ते तिला कळू नये म्हणून बाहेर बघत होते. ऊन उतरलं होतं, मिठागरांत पाणी चमकत होतं.

"तुला कळलं होतं ना, कुठला वाटा हाय ते?" आईने विचारलं.

"हो."

"मग?"

"मामा मोठे ना. म्हणून."

मला वाटलं आता ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तिने समोरच्या बाकाच्या दांडीवर हात टेकला. मग म्हणाली, "मी उभी असते तरी हेच बोलले असते. माझ्या तोंडातून दादाचंच नाव आलं असतं." आणि थोड्या वेळाने माझी हनुवटी धरून तिने माझं तोंड आपल्याकडे वळवलं. "सांग. हा कुणाचा?"

"तुझा," मी म्हटलं.

"नाय. माझा बोल."

"तुझाच होता ना तो, आई."

"पाटा राहू दे. कुणी विचारलं, हा कुणाचा, तर काय बोलायचं? माझा. बोल."

"माझा," मी पुटपुटले.

"मोठ्यानं."

"माझा."

मागचं गाणं थांबलं. बावीस माणसं आणि डोक्यावर इरलं घेतलेले बाबा वळून आमच्याकडे बघायला लागले. मी शरमेने मान खाली घातली. आईने माझी हनुवटी सोडली नाही.

"बघू देत," ती म्हणाली. "परत बोल."